घरच्यांची सही मिळाली, मग अडलं कुठे?

दिवंगत कलाकारावर माहितीपट करायचा म्हटलं की सगळे आधी त्याच्या घरच्यांकडे जातात. आम्हीही गेलो. पण वेळ आणि पैसा खाल्ला तो गाण्यांनी आणि फोटोंनी.

सार्वजनिक नोंदींवरून चरित्र मांडायला घरच्यांची संमती लागतेच असं नाही. सुशांतसिंह राजपूतवरच्या चित्रपटाला मनाई मागणारा त्याच्या वडिलांचा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही, असं तिथे म्हटलं. फौजदारी बदनामी मात्र मृत व्यक्तीचीही होऊ शकते, नातेवाइकांना दुखावण्याचा हेतू असेल तर (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६). म्हणून वादाच्या प्रत्येक वाक्यामागे कागद ठेवला.

तरी सही घ्यावीच, कारण पत्रं आणि डायऱ्या. पत्र ज्याच्या कपाटात आहे, त्याचा फक्त कागद. मजकुराचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, लिहिणाऱ्याच्या वारसांचा. सही सगळ्या वारसांची. थोरल्याने केली म्हणजे झालं, असं नसतं.

गाण्याला तीन हक्क असतात, आणि तिन्हींची मुदत वेगळी. समजा, ध्वनिमुद्रिका १९६२ साली बाजारात आली, शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी, म्हणजे २०२२ अखेर संपला. शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं: गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून २०३७ अखेरपर्यंत. चालीचा २०६२ अखेरपर्यंत, कारण बाबूजी २००२ मध्ये गेले. 'रेकॉर्ड जुनी आहे, वाजवा' म्हणणाऱ्याला हे कागदावर मांडून दाखवावं लागतं. त्यातून गाणं चित्रपटातलं असेल तर हे हक्क बहुधा वारसांकडे नसतात. निर्मात्याकडे किंवा त्याने विकलेल्या कंपनीकडे असतात.

फोटोचं उलटंच. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. प्रयोगाच्या वेळी छायाचित्रकाराने आपणहून टिपलेला फोटो त्याचा, मग प्रिंट घरच्या अल्बममध्ये का असेना. प्रिंटच्या मागचा शिक्का आधी बघा.

जुन्या चित्रपटाची प्रिंट पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मिळू शकते, पण प्रिंट सांभाळणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. प्रकाशनाला ६० वर्षं झाली नसतील तर निर्मात्याचं किंवा त्याच्या वारसांचं पत्र लागतंच.

शेवटी करारनामा. हक्क लिहून घेताना मुदत घातली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत (कॉपीराइट कायदा, कलम १९). आमच्या पहिल्या मसुद्यात दोन्ही नव्हतं. ओटीटीवाल्यांच्या वकिलाने पहिल्याच वाचनात बोट ठेवलं, आणि सगळ्या वारसांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या.