आराखड्यात पालकांचे स्थान
विशेष गरजा असलेल्या लहान मुलाला आठवड्यातून तास-दोन तास भेटणाऱ्या थेरपिस्टपेक्षा घरची माणसे कितीतरी अधिक वेळ त्याच्या सहवासात असतात; म्हणूनच शिक्षणाचा आराखडा ठरवताना पालकांना केवळ सहीपुरते बोलावणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या 3 वर्षांत तर शिकणे आंघोळ, जेवण, कपडे घालणे यांतच घडते. उशिरा बोलू लागणाऱ्या मुलासमोर दोन कपडे धरून ‘कोणता हवा?’ असे विचारायचे आणि त्याची नजर किंवा बोट वळेपर्यंत घाई न करता थांबायचे, हे शिक्षिकेने आईवडिलांना प्रत्यक्ष करून दाखवले, तर सराव दिवसभर होतो. मात्र थकलेल्या पालकांवर गृहपाठाचा ढीग लादू नये. दिवसातली कोणती वेळ सर्वांत कठीण जाते हे आधी त्यांना विचारावे आणि पहिले उद्दिष्ट तिथूनच घ्यावे.