सामाईक बांधाचा पंचनामा

"मॅडम, तुमच्या फुलांनी आमचं भात खाल्लं!"

फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते. बोलणारा गावातल्या दोन भावांपैकी धाकटा. त्याच्या शेजारचं खाचर थोरल्याचं. म्हणजे खरं वहिनीचंच, कारण थोरला कल्याणला कंपनीत आणि शेती ती बघते. मधला बांध सामाईक. जूनच्या शेतीशाळेत मी सांगितल्यावर तिने त्या बांधावर, किडी खाणाऱ्या मित्रकीटकांसाठी, तीळ, चवळी आणि झेंडू लावला होता. आता सप्टेंबर सरत आलेला, भात निसवलेलं आणि चुडांच्या, म्हणजे भाताच्या झुबक्यांच्या, बुंध्याशी रस शोषणारे तपकिरी तुडतुडे.

आमच्या भागात बांध तासून चकाचक ठेवणं हे चांगल्या शेतकऱ्याचं लक्षण मानतात. गवतफुलं दिसली की घरची बाई आळशी ठरते. वहिनीने तेही ऐकून घेतलं होतं. कीड कुठली, मित्रकीटक कुठला, हे लोकांना एका शेतीशाळेत कळतं. पण बांधावरून चार लोक काय म्हणतील, या भीतीवर माझ्याकडे औषध नाही.

मी पोचले तेव्हा पोलीस पाटलांसकट निम्मी आळी जमलेली. म्हटलं, पंचनामाच करू. बचत गटातल्या बायकांनी स्टीलची ताटं आणली. चूड अलगद वाकवायचा, बुंध्यावर थाप मारायची, ताटात पडेल ते मोजायचं. क्रॉपसॅप या सरकारच्या कीड-सर्वेक्षण योजनेच्या निरीक्षणात आम्ही चुडावरच्या किडी मोजतोच. फरक एवढाच की या वेळी बांधापासून सुरुवात करून दोन्ही खाचरांत आत आत जायचं होतं.

बांधालगत वहिनीच्या चुडांत तुडतुडे दोन-तीन, आणि जवळपास तेवढेच कोळी. शिवाय इवलेसे हिरवट मिरिड ढेकूण. त्यांना बायका आधी कीडच समजल्या. हा ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोधून शोषतो. लांडगा कोळी तर दिवसाला 5 ते 15 किडी फस्त करतो. दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर औषध मारायची घाई करायची नाही, असा आमचा ढोबळ हिशोब. इथे तो सहज बसत होता.

धाकट्याच्या खाचरात मात्र चुडाला दहाच्या वर तुडतुडे, आणि कोळी शोधून सापडेना.

"कधी काय मारलंस?" पाटलांनीच विचारलं.

ऑगस्टमध्ये पानं गुंडाळणाऱ्या अळीवर त्याने सायपरमेथ्रिन मारलं होतं. दुकानदाराने दिलं, याने मारलं. खरं तर लावणीनंतरचे पहिले चाळीसेक दिवस त्या अळीने पानं खाल्ली तरी भात नवीन फुटवे काढून भरून येतं. औषधाने मेले ते कोळी आणि ढेकूण. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणाच्या आत सुरक्षित राहिली, त्यातून पिल्लं निघाली आणि त्यांना खायला कोणी उरलंच नाही. इंडोनेशियात असंच देशभर झालं होतं. शेवटी 1986 मध्ये सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये बांधावर फुलं लावून केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष 2016 मध्ये आले: कीटकनाशकं 70 टक्क्यांनी कमी, उत्पादन 5 टक्क्यांनी जास्त. हे आकडे मी तिथे काढले नाहीत. बांधावर उभ्या माणसाला व्हिएतनामपेक्षा हातातलं ताट जास्त पटतं.

पण धाकटा साफ खोटं बोलत नव्हता. वहिनीच्या खाचराच्या खालच्या टोकाला, ओहोळाकडे, तुडतुडे भरपूर होते आणि ताटाएवढा गोल चट्टा पिवळा पडायला लागला होता. तिथे फुलं नव्हती. गवत माजलेलं होतं, त्यात देवभात म्हणजे जंगली भातही. असलं गवत भाताच्या किडींना आसरा देतं. बांध हिरवा ठेवा म्हणजे काहीही वाढू द्या, असं नाही. तीळ हवा तो मधासाठी: तुडतुड्याच्या अंड्यात अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या त्यावर जगतात. बांध फार रुंद केला तर उंदीर बिळं करतात, तेही बघावं लागतं. ओहोळाकडचं गवत कापून टाक, असं मी वहिनीला सगळ्यांसमोर सांगितलं. तिला ते आवडलं नाही. धाकट्याची मान जरा वर झाली.

मग कामाचं बोललो. दोन्ही खाचरांतलं पाणी तीन-चार दिवस बाहेर काढायचं, युरिया बंद, चुडांच्या ओळी मधूनमधून बाजूला दाबून वारा-ऊन बुंध्यापर्यंत जाऊ द्यायचं. धाकट्याच्या खाचरात तुडतुडे नुकसानीच्या मर्यादेच्या वर गेलेले, त्याला औषध लागणारच होतं. पण सायपरमेथ्रिन नाही, तुडतुड्यासाठी शिफारस असलेलंच, तेही पंपाचा नोझल खाली बुंध्याकडे धरून. वरून पानांवर मारलेलं तिथवर पोचतच नाही. बांधावर थेंबही उडवायचा नाही, हे पाटलांनी स्वतःहून जोडलं.

लोक पांगायला लागले तसा धाकटा झेंडूकडे बघत थांबला. दसऱ्याला कल्याणच्या बाजारात झेंडूला काय भाव येतो, ते त्याला चांगलं माहीत होतं.

"वहिनी, बांध सामाईक आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली, "पण गवत काढायला एकदा तरी आलात का, भाऊजी?"

यावर पंचनामा माझ्या अधिकारात येत नव्हता. शेवटची एसटी चुकवायची नव्हती, म्हणून मी ताटं परत करायच्या निमित्ताने तिथून सटकले.