पट 61, आधार 60

यंदा शाळा सुरू करायच्या तयारीत वर्ग कधी रंगवला, केंद्रशाळेतून पुस्तकं कुणी आणली, प्रभातफेरीत काय घोषणा दिल्या, यातलं आता काही आठवत नाही. आठवतंय ते फक्त आधार केंद्र.

करवीर तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिसऱ्या शिक्षकाचं पद टिकायला 61 मुलं लागतात, आणि आमचा पट बरोबर 61. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यात आधार पडताळणी झालेलीच मुलं धरतात. पहिलीतल्या एका पोराचं आधार काही जुळेना. जन्मदाखल्यावर 14 ऑगस्ट, आधारवर 1 जानेवारी. काढताना घरच्यांनी नुसतं साल सांगितलेलं असणार.

वडील शिरोलीला फौंड्रीत, रजा मिळेना. मग शाळा सुटल्यावर पोराच्या आईला घेऊन मीच केंद्रावर गेले. पहिल्या दिवशी टोकन संपलेली. दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. तिसऱ्या दिवशी नंबर लागला तर, "बाई, पोरगं कुठाय? ठसे काय तुमचे घेऊ?" पाच वर्षं झाली की मुलाचे बोटांचे ठसे द्यावे लागतात हे पालकांना सांगणारी मीच, आणि मीच विसरले. चौथ्या दिवशी पोरगं होतं, पण दाखला हातानं लिहिलेला. "क्यूआर कोडवाला आणा." जन्म आजोळचा, चंदगडकडचा. आई एसटीनं जाऊन रिकाम्या हातानं परत आली, ग्रामसेवक मीटिंगला! शेवटी मामानं आणून दिला. तोवर पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली, रस्ता बंद, आणखी आठवडा गेला.

आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते. म्हणून बटण दाबायच्या आधी मी ऑपरेटरला तारीख मोठ्यानं वाचायला लावली. वैतागला. वैतागू दे.

पहिलीत येणाऱ्या मुलांच्या एप्रिलमधल्या पूर्वतयारी मेळाव्यात फुगे नंतर फुगवा, आधी आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून तारखा बघा. आणि हो, दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या मुलाचं नाव जुन्या शाळेनं यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या) ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकल्याशिवाय आपल्याकडं घेता येत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांना मे महिन्यातच फोन करा, जूनमध्ये कुणी उचलत नाही.

ऑगस्टअखेर पडताळणी झाली. त्याच आठवड्यात निपाणीहून आलेलं एक पोर चौथीत दाखल झालं. पट 62. त्याचं नाव विचारायच्या आधी मी आधार मागितलं.