अ‍ॅक्यूट वॉर्डात आघाताचं भान ठेवताना

आमचा वॉर्ड मानसिक आजार बळावलेल्या रुग्णांचा. सुरुवातीला आमचा समज असा होता की रुग्णाच्या मनावरच्या जुन्या आघातांची माहिती भरतीच्याच वेळी खोदून काढायची. तो चुकीचा होता. माणूस घाबरलेला असतो, बहुधा कित्येक रात्री झोपलेला नसतो. तेव्हा मारहाणीचा, अत्याचाराचा तपशील विचारला तर जखम उघडते आणि ती सांभाळायला त्या घटकेला कुणालाच सवड नसते. त्याने आपणहून विषय काढला तर ऐकायचं, एवढंच.

आता चारच प्रश्न विचारतो. कशाची भीती वाटते? तुम्ही बिथरायला लागलात हे आम्ही कशावरून ओळखावं? शांत व्हायला काय उपयोगी पडतं? हात लावलेला चालतो का? उत्तरं रुग्णाच्याच शब्दांत, एका पानावर.

गाडी अडली ती पुढे. पान केसपेपरात जाई आणि तिथेच राही. ‘अंधारात कुणी जवळ आलं की घाबरते’ असं लिहून घ्यायचं आणि त्याच बाईच्या तोंडावर रात्रपाळीचा टॉर्च पडायचा. म्हणून पान हँडओव्हरच्या वहीत लावलं. पाळी बदलताना ते मोठ्याने वाचतो, मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यासमोर, कारण रुग्णाला पहिला हात बहुतेक वेळा त्यांचाच लागतो. पानावर आजाराचा इतिहास लिहायचा नाही, म्हणजे खासगी गोष्ट सगळीकडे जात नाही. टॉर्च जमिनीकडे धरायचा, छातीची हालचाल दिसेल इतकाच उजेड.

झडती बाईची बाईनेच घ्यायची, प्रत्येक कृती आधी सांगून. ओढणी किंवा नाडी काढून घ्यावी लागली तर कारण सांगायचं आणि त्याच क्षणी बिननाडीचे अंगभर कपडे द्यायचे. आधी कपडे हातात, मग झडती.

इंजेक्शनचंही तसंच. आधी गोळी घ्याल का, हे विचारायचं. सुई टाळता येत नसेल आणि औषध व त्याचं प्रमाण चालत असेल, तर दंडात. चौघांनी धरून सलवार खाली ओढणं हे अत्याचार सोसलेल्या बाईला उपचार वाटूच शकत नाही.

रुग्णाला बांधून ठेवण्याबाबत 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 97 स्पष्ट आहे. तत्काळ इजेचा धोका टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल तरच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि गरजेपेक्षा मिनिटभरही जास्त नाही. पद्धत, कारण, कालावधी केसपेपरावर नोंदवायचा. चोवीस तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या व्यक्तीला, कळवायचं. एकांतात कोंडणं पूर्ण बंद. स्टाफ कमी आहे, हे कारण कायद्याला चालत नाही. पहाटे तीनला वॉर्डात दोघंच असताना हीच अट सर्वांत जड जाते, आणि म्हणूनच मनुष्यबळाची मागणी दर वेळी लेखी करावी. पालथं दाबून धरायचं नाही, श्वास कोंडतो.

बांधावंच लागलं तर माणूस निवळल्यावर त्याच्याशी बोलायचं. धरणाऱ्यांपैकी कुणी नको, दुसरी सिस्टर बसते. काय झालं, आधी काय केलं असतं तर हे टळलं असतं, हे विचारून त्याच्यासमोरच ते पान दुरुस्त करायचं. तारीख टाकून पुढच्या पाळीत नवं पान वाचायचं.