आमची वाटचाल : १६ पानांत मावेल तेवढाच खेळ

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीजवळच्या आमच्या छापखान्यात मार्च ते जून कुणाला मान वर करायला फुरसत नसते. लग्नपत्रिका. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला लागली की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टरं आणि पत्रकं. मधल्या दिवसांत पावतीपुस्तकं, राइस मिलच्या चिठ्ठ्या, ग्रामपंचायतीचे फॉर्म. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर अक्षराचा एकेक खिळा जुळवून हा धंदा उभा केला. आता मिनी ऑफसेट आहे. या सगळ्यात लहान लेकरांच्या गोष्टीच्या खेळाचं पुस्तक कुठून घुसलं, असं येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा छापून बांधलेल्या पत्रिकांचे गठ्ठे दुकानात तसेच होते. तारीख गेलेली पत्रिका रद्दीच्या भावानेही कुणी घेत नाही. तिच्यावरची चमकी रद्दीवाल्याला चालत नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात नणंदेचा मुलगा पुण्याहून नोकरीसकट आमच्याकडे आला होता. सोबत लॅपटॉप आणि एक कापडी पिशवी. पिशवीत सात फासे : चार बाजूंचा, सहाचा, आठचा, दहाचे दोन, बाराचा आणि वीस बाजूंचा. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. वीस बाजूंचा फासा तिनं जो मुठीत धरला तो जेवतानाही सोडला नाही.

भाच्यानं समजावलं : एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतले लोक होतात, आणि 'हे जमेल का' अशी शंका आली की फासा टाकायचा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा पहिला खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी काढला. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे दंडारच झाली ना बावा, फक्त बसून." दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं लेकीला तोच खेळ शिकवायला घेतला. पात्राचा कागद, त्यावर ताकद, चपळाई असले सहा गुण, प्रत्येकाला आकडा, आकड्यावरून दुसरा आकडा. कागद भरून होईस्तोवर पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. त्या खेळाच्या डब्यावर १२ वर्षांपुढच्यांसाठी असं लिहिलेलं असतं, हे नंतर कळलं. पण अनेक हौशी आईबाप इथेच फसतात. स्वतःला आवडलेला खेळ लेकराला थोडा लवकर देतात, आणि लेकराला हा प्रकारच आवडत नाही असं ठरवून मोकळे होतात.

मग भाचा एकेक लहान मुलांचे खेळ काढत गेला. 'हीरो किड्स' चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. साधे लुडोचे फासे चालतात, तयार पात्रं मिळतात, चौकटी आखलेले नकाशे असतात. लेक खुशीत खेळली, पण रोजची गोष्ट मारामारीवरच यायची, आणि तिचं पात्र आडवं पडलं की डोळ्यांत पाणी. 'अमेझिंग टेल्स' त्याहून सुटसुटीत. लेकरानं आपल्याला चांगल्या येणाऱ्या चार गोष्टी सांगायच्या. सगळ्यात चांगली जमते तिला बारा बाजूंचा फासा, मग दहाचा, आठचा, शेवटी सहाचा. कुठलाही फासा टाका, तीन किंवा जास्त पडलं की जमलं. म्हणजे सगळ्यात कच्च्या कामातही तीनातून दोनदा यश. हे गणित मला फार शहाणपणाचं वाटलं. सहा वर्षांचं लेकरू दर दुसऱ्या वेळी हरलं तर तिसऱ्या वेळी उठून कोंबड्यांमागे जातं.

आणि 'नो थँक यू, ईव्हिल!' या खेळात तर लेकरू एका वाक्यात स्वतःची ओळख देतं. लहानग्यानं फक्त 'मी कोण' ते सांगायचं, मोठ्यानं कशी ते, आणखी मोठ्यानं काय करते ते. एकाच बैठकीत पाच वर्षांचा भाऊ आणि नऊ वर्षांची बहीण खेळू शकतात ते याच्यामुळे. मराठीत आणताना मात्र घोटाळा झाला. इंग्रजीत 'काय करते' ते वाक्याच्या शेपटीला जोडतात. आपल्याकडे तसं केलं की 'जी', 'जिला' असं सरकारी परिपत्रक होतं. लेकीनंच ते सोडवलं. 'मी बकरी.' 'मी लाल बकरी.' 'मी ढगात झोपणारी लाल बकरी.' आपली भाषा पुढून वाढते, हे छापखान्यात एवढी वर्षं काढून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

यातून पुस्तक काढायचं डोकं मामाजींचं. मशीन थंड पडलं होतं, कागद शिल्लक होता. पण पहिलं पुस्तक मी आणि भाच्यानं मिळून केलं ते ४८ पानांचं झालं. नियम, नकाशे, राक्षसांच्या याद्या. ५०० प्रती छापल्या. नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्यानं १०० नेल्या आणि सहा महिन्यांनी ९१ परत पाठवल्या, वर वाहतुकीचं भाडं आमच्याच माथी. त्याच्यावर बरेच दिवस राग होता. आता नाही. ते पुस्तक मी स्वतः विकत घेतलं नसतं.

दुसऱ्या वेळी मी अट घातली : १६ पानं. आमच्या मशीनवर एका कागदाच्या दोन्ही बाजू मिळून आठ पानं बसतात. दोन कागद, मध्ये पिन, काम खतम. सतरावं पान हवं असेल तर आधी दुसरं कुठलं तरी काढा. भाचा कुरकुरला, पण एकेक नियम गळत गेला आणि खेळ बरा होत गेला. त्या काळात मी एक मोजमाप धरलं होतं, आजही तेच वापरते. कुकर लावायचा आणि खेळ सुरू करायचा. तिसऱ्या शिट्टीपर्यंत लेकरानं गोष्टीत तोंड उघडलं नाही, तर तो खेळ त्या वयाचा नाही.

फाशांचं काय करायचं, हा मोठा प्रश्न. लाकडी फासे करून डब्यात घालायची फार इच्छा होती, सुतारही बघून ठेवला होता. पण १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आमचे सीए म्हणाले, पुस्तक आहे तोवर पुस्तक, फासे घातले की खेळणं. तपासणी, परवाना, फी हे आमच्या ऐपतीबाहेरचं. दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी मामाजींनी चिंचोके फोडून चार अर्धुकं ओट्यावर टाकली. अष्टा-चंगा खेळतो तशी. एका अंगानं पांढरी, दुसऱ्या अंगानं काळपट.

भाच्यानं हिशेब मांडला. चार अर्धुकं टाकली तर एकूण १६ प्रकारे पडू शकतात, त्यातल्या ११ वेळा दोन किंवा जास्त पांढरी येतात. म्हणजे जवळपास तीनातून दोनदा यश. 'अमेझिंग टेल्स'च्या सहा बाजूंच्या फाशाइतकंच. आणि लेकराच्या खास कामाला पाच अर्धुकं दिली तर ३२ पैकी २६, म्हणजे तिथल्या बारा बाजूंच्या फाशाच्या अगदी जवळ. अर्धुकं काही तंतोतंत निम्म्या वेळा पांढरी पडत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. अजून एकाही लेकरानं तक्रार केलेली नाही. घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोके खेळ संपल्यावर मोजून डबीत ठेवा, ही ओळ मात्र आम्ही पहिल्याच पानावर ठळक छापतो.

नेम चुकला तर काय, याला एक अख्खं पान दिलंय. सांगणाऱ्यानं नुसतं 'नाही जमलं' म्हणून थांबायचं नाही. झाडावर चढता आलं नाही? फांदी मोडली, थेट बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पडलीस, आणि बोडीच्या तळाशी काहीतरी वाजतंय. लेकरू रडायचं विसरून विचारतं, काय वाजतंय?

सगळ्यात जास्त वेळ वाघानं खाल्ला. पहिल्या मसुद्यात वाघ लेकरांचा दोस्त होता, पाठीवर बसवून नेणारा. मंडईतल्या आमच्या टेबलावर एका बाईनं पुस्तक चाळलं आणि खाली ठेवलं. म्हणाली, "ताई, आमी मोह वेचाले जातो पहाटे. माया पोट्ट्याले वाघाच्या जवळ जा म्हनून नका शिकवू." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना वाघ चित्रातला नसतो. एप्रिलात मोह, मेमध्ये तेंदूपत्ता, बायामाणसं जंगलातच असतात. मग वाघाला मारायचा खेळ करायचा का? तेही मनाला पटेना. शेवटी असं केलं : वाघाची गोष्ट आहे, पण त्यात वाघ दिसत नाही. पाऊलखुणा दिसतात, वानरं ओरडतात, मोर बोंबलतो. लेकरांनी खुणा ओळखून सगळ्यांना सोबत, मोठ्यानं बोलत घरी आणायचं. सगळ्यात जास्त वेळा परत मागितली जाते ती हीच गोष्ट.

किंमत ६० रुपये. पुस्तकावर जीएसटी नाही, एवढी एक गोष्ट बरी. मंडईत, तान्ह्या पोळ्याला आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत विकतो. पोट लग्नपत्रिकांवरच चालतं, उगाच मोठ्या गप्पा करत नाही. कधी एखादा बाप मोबाइलवरचा खेळ दाखवून विचारतो, हा का नको? मी नको म्हणत नाही. एवढंच विचारते की त्यात तुमचं लेकरू स्वतःच्या मनातलं काही सांगू शकतं का, की दिलेल्या तीनांतून एक दाबतं. आणि चार वर्षांखालचं लेकरू असेल तर पुस्तक विकतच नाही. भुलाबाईत, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्यात, खाऊ ओळखायला लावतात ना, तेवढंच करा म्हणते : डबा झाका, गोड का तिखट, गोल का लांब, विचारू द्या. प्रश्न विचारायची सवय लागली की पुढचं येतं.

सांगणारं कोण, यावर भाच्याचा आणि माझा अजून वाद आहे. त्याला वाटतं, नियम वाचलेल्या माणसानं सांगावं. माझा अनुभव वेगळा. आमच्याकडे सगळ्यात भारी सांगतात त्या सासूबाई, आणि त्यांनी पुस्तक उघडूनही बघितलेलं नाही. चिंचोके पडले की त्या आकडा बघतच नाहीत, लेकीच्या तोंडाकडे बघतात.

लेक आता मोठी झाली. वीस बाजूंचा फासा तिच्याच दप्तरात असतो, भाच्यानं परत मागितला नाही. परवा ती दुकानात आली आणि म्हणाली, "आई, पुढचं पुस्तक ३२ पानांचं कर. बकरीला आता बहीण पाहिजे." मी म्हटलं, २४. सध्या तिथंच अडलंय.