'बाय' कोठे गेला?

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून मनोगते मागवण्यात येत असून ती महिनाअखेरपर्यंत पाठवण्यात यावीत, असे समितीचे पत्र आले, तेव्हा सर्वप्रथम मला आपले इंग्रजीचे सर आठवले आणि थोडे हसूही आले. हे पत्र सरांच्या हाती पडते, तर त्यांनी 'मागवण्यात येत असून' या शब्दांखाली तांबडी रेघ ओढून समासात 'कोण मागवतो?' असे लिहिले असते. समितीतील मित्रांनी राग मानू नये. त्यांच्यापैकी दोघे माझ्याच बाकावर बसत आणि ही रेघ त्यांच्याही वह्यांत भरपूर सापडेल.

मी १९८४ च्या दहावीच्या तुकडीतला. गेली तीसेक वर्षे मृदाशास्त्रात काम करतो. मातीचे नमुने तपासणे, त्यांवर इंग्रजीत शोधनिबंध लिहिणे आणि अलीकडे इतरांचे निबंध छपाईपूर्वी तपासून देणे, यातच दिवस जातो. निबंधाचे इंग्रजी कोठे शिकलात, असे तरुण सहकारी विचारतात, तेव्हा मी एखाद्या विद्यापीठाचे नाव घेईन अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगतो, आठवी ते दहावी, 'डू ॲज डायरेक्टेड'.

एक वाक्य द्यायचे आणि पुढे कंसात फर्मान काढायचे, असा तो प्रश्न होता: 'टू' काढा, प्रयोग बदला, 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरा, होकारार्थीचे नकारार्थी करा पण अर्थ बदलू नका. पाठांतरावर गुण मिळवून देणारा यांत्रिक प्रश्न म्हणून त्याची पुष्कळ बदनामी झाली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. सर मात्र फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे बदललेले वाक्य लिहीत आणि दर वेळी एकच विचारीत, "अर्थ तोच राहिला, कबूल, पण वजन कुठं सरकलं?"

याचा उलगडा मला नववीत झाला, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची एक काच खर्ची पडली. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि पिंपळाच्या पाराकडून मारलेला माझा चेंडू थेट खिडकीत गेला. मुख्याध्यापकांनी काचेची किंमत आणि इंग्रजीत माफीपत्र अशी दुहेरी शिक्षा सुनावली; पत्र तपासण्याचे काम अर्थातच सरांकडे आले. मी मोठ्या चतुराईने लिहिले होते, 'द विंडो पेन ऑफ द लॅबोरेटरी वॉज ब्रोकन ऑन सॅटर्डे.' सरांनी ते सावकाश वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "व्याकरणात खोट नाही. पण 'बाय' कोठे गेला?"

मी म्हणालो, "चेंडू लागला, सर."

"चेंडू आपल्या पायांनी आला?"

वर्ग हसला. सरांनी मला तसेच उभे ठेवले आणि फळ्याच्या डाव्या बाजूला माझे वाक्य, तर उजवीकडे 'द वॉटर वॉज हीटेड टु बॉइलिंग पॉइंट' असे लिहिले. मग म्हणाले, "पाणी कोणीही तापवलं तरी उकळतंच, म्हणून तिथं कर्ता रजेवर गेला तरी चालतो. काच कोणीही फोडत नाही, एकच जण फोडतो. तो रजेवर गेला की वाक्य लबाडी करतं." मग मी खाली बसून 'आय ब्रोक द विंडो पेन' असे पाच शब्दांचे वाक्य लिहिले.

'सॉइल सॅम्पल्स वेअर एअर-ड्राइड, ग्राउंड अँड पास्ड थ्रू अ टू-मिलिमीटर सिव्ह', म्हणजे माती सावलीत वाळवली, कुटली आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली, हे वाक्य आमच्या शास्त्रातील असंख्य निबंधांत जवळपास शब्दशः आढळते. ते सरांचे तापवलेले पाणी आहे. कोणीही चाळली तरी माती तीच. परंतु याच निबंधाच्या शेवटी 'असा निष्कर्ष काढण्यात आला' असे वाचले की मी थांबतो, कारण निष्कर्ष काही चाळणीतून आपोआप गळत नाही, तो कोणीतरी काढतो. शास्त्रीय लेखनात 'आय' आणि 'वी' वर्ज्य असतात ही समजूत आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. न्यूटनला ती ठाऊक नव्हती. प्रकाश आणि रंग यांवरील त्याचे पत्र रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १६७२ मध्ये छापले गेले. त्यात आपण काचेचा एक त्रिकोणी लोलक मिळवला, हे तो 'आय' लिहूनच सांगतो.

'जरी... तरी' या जोडीने तर आमच्या अख्ख्या तुकडीला छळले. 'दो इट वॉज रेनिंग, बट आय केम टु स्कूल' असे आम्ही बिनदिक्कत लिहीत असू, कारण मराठीत जरीच्या मागोमाग तरी येतेच. "इंग्रजीत 'दो' घरात आली की 'बट'ने बाहेर थांबायचं," असे सर सांगत. आजही माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत हे दोघे एकाच वाक्यात नांदताना दिसतात आणि लेखक मराठी, निदान आपल्या बाजूचा असावा, अशी मला शंका येते. उलट 'जसजसे... तसतसे' आपल्याला आयते मिळाले होते. कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनी पाण्याच्या अतिवापराने खारावल्या, त्याविषयी लिहिताना 'द हायर द वॉटर टेबल, द ग्रेटर द सॅलिनिटी' हे वाक्य माझ्या लेखणीतून विनासायास उतरले, ते मराठीच्या पुण्याईने. भूजल जितके वर, तितकी क्षारता अधिक.

'इट इज सीन दॅट' या धर्तीच्या वाक्यातील 'इट' म्हणजे नेमके काय, असे एका मुलीने विचारले होते. सर म्हणाले, "काही नाही, तो नुसता मांडलेला पाट आहे, पाहुणा 'दॅट'च्या मागून येतोय." इंग्रजी वाक्याला जड सामान शेवटी ठेवायला आवडते, एवढी मोठी गोष्ट त्या पाटाने नववीतल्या पोरांना समजावली. पुढे भाषाशास्त्राची परिभाषा वाचनात आली, पण पाटाच्या पलीकडे माझ्या ज्ञानात फारशी भर पडल्याचे स्मरत नाही.

या पाटावर बसलेला सर्वांत दिमाखदार पाहुणा मला एम.एस्सी.ला असताना भेटला. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये आला. तो पानभरापेक्षा थोडासाच मोठा आहे. आरंभी ते 'वी विश टु सजेस्ट' म्हणतात, म्हणजे रचना सिद्ध केली असे न म्हणता सुचवू इच्छितो म्हणतात. शेवटाकडे येते ते प्रसिद्ध वाक्य, 'इट हॅज नॉट इस्केप्ड अवर नोटिस दॅट...', आम्ही मांडलेल्या जोड्यांवरून जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल तेही सुचते, ही बाब आमच्या नजरेतून सुटलेली नाही. ग्रंथालयात ते वाचताना मी जवळजवळ मोठ्याने ओरडलो असतो, कारण हा तर आपला 'होकारार्थीचे नकारार्थी करा' होता! 'आमच्या लक्षात आले' असे सरळ लिहिले असते, तरी अर्थ तोच राहिला असता. वजन मात्र सरकले असते.

'शोज', 'सजेस्ट्स' आणि 'मे' यांच्यातील अंतर सरांनी आम्हाला पावसावरून शिकवले होते. ढग आले, तर 'इट मे रेन'. 'इट विल रेन' म्हणायला तुम्ही कोण? एका हंगामाच्या आकड्यांवर 'प्रूव्हज' लिहिणारे संशोधक पाहिले की मला तो प्रश्न त्यांना पत्राने विचारावासा वाटतो, आणि सभ्य भाषेत मी तो विचारतोही.

दोन वर्षांपूर्वी शाळेत आलो होतो. सेमी-इंग्रजीची मुले आमच्यापेक्षा कितीतरी फाडफाड बोलतात, याचा आनंद वाटला. परंतु फळ्याच्या मधली उभी रेघ कोठेच दिसली नाही आणि वाईट वाटले. माझ्याकडे येणारे मसुदेही आता गुळगुळीत असतात; दर वाक्याच्या तोंडी 'मोरओव्हर' नाहीतर 'फर्दरमोर' असते, पण मागचे वाक्य पुढच्याला धरून नसते. सर असते, तर त्यांनी या 'मोरओव्हर'ना एकेक करून वर्गाबाहेर उभे केले असते.

सर गेले, तेव्हा मी परगावी होतो आणि येऊ शकलो नाही. त्याच वर्षी माझ्या हातून दोन शेतांतील बारा नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि चूक ध्यानात येईपर्यंत निष्कर्ष सहसंशोधकांकडे रवानाही झाले होते. रात्री खुलासा लिहायला बसलो, तो पहिले वाक्य आपसूक उमटले, 'द लेबल्स वेअर इंटरचेंज्ड ड्युरिंग सॅम्पलिंग.' व्याकरणात खोट नव्हती. ते खोडून मी 'आय इंटरचेंज्ड द लेबल्स ऑफ ट्वेल्व्ह सॅम्पल्स' असे लिहिले आणि पत्र पाठवून दिले.

समितीच्या पत्रात प्रयोगशाळेच्या नूतनीकरणासाठी यथाशक्ती देणगी देण्यात यावी, असेही म्हटले आहे. सोबत धनादेश जोडला आहे. पावतीवर कारण लिहायचेच असेल, तर 'काच, नववी ब' एवढेच लिहावे; 'बाय' कोण, ते वर आलेच आहे.