तिला ओळखणारी दोन माणसं

"ताई, कागद सगळे आहेत. माणसंच नाहीत."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती हे बोलली. मांडीवर अडीच वर्षांची लेक, खांद्याला डायपरची पिशवी, आणि टेबलावर ठेवलेली फाईल इतकी नेटकी की एकेका कागदाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. २०१९ च्या सप्टेंबरमधला शेवटचा शुक्रवार. पश्चिम लंडनमधल्या एका छोट्या ऑफिसात मी इमिग्रेशनचे अर्ज बघते. मराठी माणसं आली की सहकारी त्यांना माझ्याकडेच पाठवतात. अडचण काय ती इंग्रजीत सांगता येते हो, पण घालमेल आपल्याच भाषेत बाहेर पडते.

प्रकरण तसं सरळ होतं. नवरा कामाच्या व्हिसावर २०१४ साली आला, मागोमाग ही. पाच वर्षं पूर्ण झाली आणि ऑगस्टमध्ये दोघांनाही कायम राहण्याची परवानगी, म्हणजे पीआर, मिळाली. मुलगी इथलीच, मिल्टन कीन्सला जन्मलेली. पण इथे जन्मलं म्हणून मूल ब्रिटिश होतं असं नाही. १९८१ चा राष्ट्रीयत्वाचा कायदा १ जानेवारी १९८३ ला लागू झाला तेव्हापासून जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश तरी असावे लागतात, नाहीतर इथे स्थायिक, म्हणजे कायम राहण्याची परवानगी असलेले, तरी. नंतर दोघांपैकी एक जरी स्थायिक झाला, तर मूल अठराचं व्हायच्या आत त्याची नोंदणी करून घेण्याचा हक्क त्याच कायद्याचं कलम १(३) देतं. हक्क, मेहेरबानी नव्हे. शिवाय मुलीची पीआर काढायची तर तेव्हा फी होती २,३८९ पौंड, नागरिकत्वाच्या नोंदणीची १,०१२. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा मुलीचा भारतीय पासपोर्ट जाणार, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते कार्ड, काढावं लागणार, हे त्यांनी इस्लामपूरला आजी-आजोबांशी बोलून आधीच ठरवलेलं होतं.

अडलं होतं रेफरींपाशी, म्हणजे मुलीला ओळखतो असं सहीनिशी लिहून देणाऱ्या माणसांपाशी.

मुलाच्या अर्जाला दोन रेफरी लागतात. एक असा, ज्याचा मुलाशी त्याच्या कामातून संबंध आला आहे: शिक्षक, हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांना घरी येऊन बघणारी सरकारी नर्स), सोशल वर्कर, धर्मगुरू. याचं राष्ट्रीयत्व कुठलंही चालतं. दुसऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट हवा, आणि तो एकतर मान्य व्यवसायातला हवा किंवा पंचविशीच्या पुढचा. दोघांपैकी कुणी मुलाचा नातेवाईक नको, दोघं एकमेकांचे नातेवाईक नकोत, आणि अर्ज हाताळणारा सल्लागारही नको.

ही शेवटची अट तिला सांगावी लागली, कारण दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "तुम्हीच करा ना सही. तुम्ही बघितलंय तिला आता."

मी कोरा कागद घेतला आणि म्हटलं, आपण यादी करू. मुलीला कोण कोण ओळखतं?

नर्सरी? नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये तीन वर्षं पूर्ण झाली की पुढच्या सत्रापासून आठवड्याला पंधरा तास मोफत मिळायचे, तोवर परवडत नाही म्हणून घरीच होती. डॉक्टर? लंडनजवळच्या स्लाऊला राहायला येऊन वर्ष झालं होतं, पण पोरगी देवाच्या दयेने आजारीच पडली नाही. दवाखान्याच्या रिसेप्शनवर विचारलं तर अशा सह्या आमच्याकडे होत नाहीत, एवढंच उत्तर. शेजारचे आजोबा? ते रोज खिडकीतून हात करायचे, बागेतली सफरचंदं द्यायचे. त्यांना विचारलं तर सही करायला आनंदाने तयार झाले. पण पासपोर्ट नंबरच्या रकान्यापाशी आले आणि थांबले. सत्तरी ओलांडलेला, याच गावात जन्मलेला माणूस, पासपोर्ट कधी काढलाच नव्हता. कुठे जायचंच नव्हतं त्यांना.

नवऱ्याच्या ऑफिसातले? त्यांनी मुलीला पाहिलंच नव्हतं. मावसभाऊ बर्मिंगहॅमला, ब्रिटिश पासपोर्टवाला, पण तो नात्यातला.

कागदावर सात नावं आणि सातही खोडलेली. ती त्या कागदाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "घराबाहेरचं कोण माझ्या मुलीला नावाने हाक मारतं, असं कुणी मला विचारलंच नव्हतं, ताई."

मग तिने फोन उघडून एक मेसेज दाखवला. कुणाच्या तरी ओळखीतला एक गृहस्थ शंभर पौंडांत सही करून देतो म्हणे, मुलीला बघायचीही गरज नाही. मी आवाज चढवत नाही, त्या दिवशी थोडा चढला. रेफरीच्या पानावर मुलाचा फोटो चिकटवलेला असतो आणि खाली तो लिहून देतो, की हा फोटो याच मुलाचा, आणि हे सगळं माझ्या माहितीप्रमाणे खरं. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर त्याच कायद्याखाली तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दंड किंवा दोन्ही. पण मला राग आला तो वेगळ्या कारणाने. या मुलीचा या देशातला पहिला मोठा कागद, आणि त्यावर तिला कधी न पाहिलेल्या माणसाची विकत घेतलेली सही?

"अगं, तिचं रेड बुक आणलंयस का?" मी विचारलं. बोलता बोलता 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते.

इथे बाळ जन्मलं की एक लाल पुठ्ठ्याची वही मिळते, लसी, वजन, उंची सगळं त्यात. तिने पिशवीतून काढली. कोपरे चावलेले, एका पानावर गाजराचा डाग. वजनाचं पान काढलं. तारीख, वजन, सही. तारीख, वजन, सही. २.७ किलो. पुढच्या ओळीत २.६. मग दहा दिवस तिथेच अडकलेलं. त्यानंतर हळूहळू वर चढणारे आकडे. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी निळ्या शाईतली एकच तिरकी सही. मी मोजल्या. अकरा.

"ही कोण?"

"ती हेल्थ व्हिजिटर होती, मिल्टन कीन्सची." जरा थांबून म्हणाली, "हिचं वजनच वाढत नव्हतं. आई व्हिसामुळे येऊ शकली नाही. ही बाई आठवड्याला घरी यायची. सोफ्यावर नाही बसायची, खाली माझ्याशेजारी गालिच्यावर बसायची, आणि दूध पाजताना बाळाचं डोकं कसं धरायचं ते पुन्हा पुन्हा दाखवायची. एकदा मी रडायला लागले तर स्वतः चहा करून दिला."

"मग यादीत नाव का नाही घातलंस?"

"ती सरकारी बाई ना. तिचं कामच होतं ते."

नेमकं तेच तर हवं होतं, कामातून आलेली ओळख. मी तिथल्या टीमला फोन लावला. नंबर द्यायला त्यांनी नकार दिला, आणि बरोबरच होतं ते. ती आता दुसऱ्या टीममध्ये आहे, निरोप देऊ, म्हणाले. शुक्रवारची दुपार. मी मनातून सोमवार धरला होता. ती उठून निघतच होती, मुलीच्या पायात एक बूट चढवून झाला होता, तेवढ्यात साडेचारच्या सुमाराला फोन वाजला.

मी नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग इंग्रजीत प्रश्न आला: "वडिलांच्या हातावर पालथं झोपवल्याशिवाय झोपायची नाही, तीच का?"

मी फोन स्पीकरवर टाकला. मुलीची आई हातात दुसरा बूट धरून तशीच जमिनीवर बसली.

त्या बाईने सही करायला लगेच होकार दिला नाही, आणि माझ्या मनात तिच्याबद्दल आदर वाटला तो इथे. मॅनेजरला विचारीन, म्हणाली. शिवाय मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. फोटो आत्ताचा आहे. तिला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा फोटो तिचाच असं मी लिहून देणार नाही. पुढच्या बुधवारी मॅनेजरचा होकार आला आणि शनिवारी नवरा-बायको लेकीला घेऊन युस्टनवरून गाडीने मिल्टन कीन्सला गेले. एका लायब्ररीत भेट झाली. तिने आधी मुलीशी अर्धा तास ठोकळे रचले, मग पेन काढलं.

दुसरा रेफरी मात्र त्या शुक्रवारीच सापडला, तोही तिने यादीत धरलेलाच नव्हता. आदल्या वर्षी गणपतीत मंडळात एक वेंगुर्ल्याच्या बाई भेटल्या होत्या, कपड्यांच्या आल्टरेशनचं काम करणाऱ्या, वीसेक वर्षांपासून ब्रिटिश पासपोर्टवर. तेव्हापासून त्या दर मंगळवारी घरी यायच्या, नाचणीची आंबील घेऊन. हिला दात काढायचा होता तेव्हा पोरगी दिवसभर त्यांच्याकडेच होती.

"मग यांना का नाही धरलंस?"

"नातेवाईक चालत नाहीत म्हणालात ना! त्या मावशी आहेत."

मी विचारलं, सख्ख्या? चुलत? आईकडून, वडिलांकडून? कुणीच नाही. मावशी म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशी मावशी.

हे मी पूर्वीही पाहिलं आहे आणि याची धास्ती घेते. आपण दुधवाल्याला मामा म्हणतो, शेजारणीला काकू, आणि अर्ज तपासणारा अधिकारी त्या शब्दातून रक्ताचं नातं वाचतो. म्हणून मावशींना मी ऑफिसातच बोलावलं. पुढच्या सोमवारी त्या आल्या, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात गुंडाळलेली. वय, पत्ता, पासपोर्ट नंबर सगळं सुवाच्य लिहिलं. किती दिवसांची ओळख? एक वर्ष, त्यांनी खरं तेच लिहिलं. मग मुलीशी नातं काय, या रकान्यात मी काही बोलायच्या आत मोठ्या अक्षरांत 'आन्टी' लिहून मोकळ्या.

मी ते पान बाजूला ठेवलं, नवं पान छापलं आणि समजावून सांगितलं. इथे कौटुंबिक स्नेही लिहायचं.

"म्हणजे मी तिची कुणी नाही असं लिहायचं?"

"तसं नाही हो. रक्ताचं नातं नाही, एवढंच."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलगी टेबलाखालून त्यांच्या साडीचा पदर ओढत 'माची, माची' करत होती. त्यांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने, मी सांगितलं तेच, एकेक अक्षर सावकाश लिहिलं. सही केली. मग पान माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "लिहिलं तुम्ही म्हणालात तसं. पण हा कागद तिला मोठेपणी दाखवणार असाल, तर ते आधीचं पानही फाईलला लावून ठेवा."

नवं पान अर्जाबरोबर गेलं. जुनं मुलीच्या आईने मागून घेतलं आणि रेड बुकात घातलं.